किती जातं, हे कुणी विचारायचं?

वस्तीतल्या आमच्या किशोरी गटातली १४ वर्षांची एक मुलगी दर महिन्याला आठवडाभर यायचीच नाही. घरी गेले तर गोधडीवर पडलेली, ओठ पांढरेफटक. पाळीचा अकरावा दिवस. आई म्हणाली, "ताई, आमच्या घरात सगळ्यांनाच असं जास्त जातं. लग्न झालं की होईल सुरळीत." तपासलं तर हिमोग्लोबिन सहा.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडतंच असं नाही. म्हणून पाळी मागेपुढे होते; २१ ते ४५ दिवसांचं अंतर या वयात चालतं. पण सात दिवसांच्या वर अंगावरून जाणं, तासा-दोन तासांत घडी भिजणं, मोठ्या गाठी पडणं हे 'वयच तसं' म्हणून सोडता येत नाही. आणि 'घरात सगळ्यांनाच' ही तर महत्त्वाची खूण. रक्त नीट न गोठण्याचा दोष आईकडून किंवा वडिलांकडून मुलीत येऊ शकतो.

असे आजार पुरुषांचेच, असं आपण समजून चालतो. डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरच्या ज्या कुटुंबाची नोंद केली, त्यातली मुलगी तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीतच रक्तस्रावानं गेली. त्यांच्या नावानं ओळखला जाणारा हा आजार बायका-पुरुष दोघांनाही होतो.

मैत्रिणींनो, आपणही यात आहोत. आमच्या शिबिरांच्या फॉर्मवर वर्षानुवर्षं एकच प्रश्न होता : पाळी नियमित येते का? किती जातं, हे मीही विचारलं नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. आहाराचं कारण खरंच आहे, लोहाच्या गोळ्याही हव्यातच. पण गळक्या हंड्यात पाणी किती ओतायचं?

या मुलीला आधी दाखवलं तिथल्या डॉक्टरांनीही लग्नाचाच सल्ला दिला होता. दुसरीकडे रक्त गोठण्याच्या तपासण्या आणि पोटावरून सोनोग्राफी झाली. आतून तपासायची गरजच पडली नाही. रक्तस्राव थांबवायला दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी 'पुढे मूल होणार नाही' या भीतीपायी आईनं आधी त्या लपवून ठेवल्या. दोन बैठका त्यावरच गेल्या.

तिसऱ्या खेपेला मी आईलाही रक्त द्यायला बसवलं. तिचं हिमोग्लोबिन साडेसात निघालं.