फुगवलेला कॅन

या आठवड्यात बेनिनचे कलावंत रोम्युआल्ड हाझूमे यांच्या ‘ला बूश द्यू रुआ’ या शिल्पाची छायाचित्रं पाहताना मी एका काळ्या प्लॅस्टिकच्या कॅनवरच अडकले. कॅनची मूठ झाली नाक, पेट्रोल ओतायचं भोक झालं ‘आ’ वासलेलं तोंड. असे ३०४ मुखवटे दाटीवाटीने जहाजाच्या आकारात मांडलेत, ‘ब्रूक्स’ या गुलामवाहू जहाजाच्या अठराव्या शतकातल्या प्रसिद्ध चित्राबरहुकूम. शेजारी कवड्या, दारूच्या बाटल्या, तंबाखू आणि मसाल्यांचा वास. पण खरी गोम कॅनमध्येच आहे. नायजेरियातून चोरटं पेट्रोल आणणारे बेनिनमधले लोक हे कॅन विस्तवावर धरून फुगवतात, जास्त तेल मावावं म्हणून. ताणून ताणून शेवटी ते फुटतात. माणसांचंही तेच झालं आणि आजही होतंय, हे हाझूमे एकही शब्द न लिहिता सांगतात. ब्रिटिश म्युझियमने हे शिल्प विकत घेऊन २००७ मध्ये, ब्रिटनमधल्या गुलामव्यापारबंदीच्या द्विशताब्दीला मांडलं. बंदी आणणाऱ्यांचे पुतळे पुष्कळ आहेत, पण त्या सगळ्यांहून हे शिल्प मोठं आहे, कारण ते गुलामीचा हिशेब बंदीच्या १८०७ सालावर मिटवून टाकत नाही.