पंपावरच्या बाटलीनं ॲव्हरेज परत येणार नाही

देहूरोडहून तळवडे, चाकणला रोज बाईकवर जाणाऱ्यांकडून सध्या एकच ऐकतोय: पेट्रोल ई-20 झालं आणि ॲव्हरेज पडलं. मग पंपावर नाहीतर गॅरेजात कुणीतरी दोन-तीनशेची बाटली पुढे करतं. "टाका, गाडी मक्खन चालेल!"

अहो, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ती तूट टाकीत ओतलेलं झाकणभर रसायन कुठून भरून काढणार? ई-20 साठी न बनलेल्या दुचाकींचं मायलेज 3-4 टक्के, चारचाकींचं 6-7 टक्के घटेल, हे नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे.

चांगला क्लीनर इंजेक्टरवरची घाण काढतो, हे खरं. पण जुना रबरी पाइप तो बदलून देत नाही. इंजिन ऑइलमध्ये तर झीज रोखणारी द्रव्यं कंपनीनं आधीच मापात घातलेली असतात. वरून आणखी ओतून ते माप कशाला बिघडवायचं? तेच पैसे वेळेवर ऑइल बदलायला घाला की!

माझा खरा राग सरकारवर आहे. 2023 आधीच्या एवढ्या गाड्या रस्त्यावर असताना पंपावर ई-10 चा एक नोझल ठेवायला काय हरकत होती? अजूनही ठेवता येईल.