जोतिबाचा घाट चढायला महागडं पेट्रोल लागतं का?

कोल्हापूरहून जोतिबाला निघताना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की चढाला गाडी जोर धरते, असा समज आहे. बहुतेक दुचाकींसाठी तो चुकीचाच.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनातल्या दाबाने पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटू नये, ही त्याची क्षमता. साध्या पेट्रोलचं ऑक्टेन पूर्वी किमान ९१ असायचं. १००-१२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना ते पुरतं. मॅन्युअलमध्ये जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लिहिलं असेल, तर मात्र काटकसर नको.

वाडी रत्नागिरीच्या चढाला, डबलसीट, टॉप गिअरमध्ये इंजिन टकटक करू लागलं तर आधी गिअर उतरवा. रविवारच्या गर्दीत तर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. तिथे ऑक्टेन काय करणार? टकटक तरीही थांबली नाही, तर गाडी मेकॅनिकला दाखवा. जादा पैसे सर्व्हिसिंगवर घातलेले बरे.