हौशी तपास आणि देसाईगंजचे प्रकरण

घरबसल्या गुन्ह्याचा छडा लावू पाहणाऱ्या हौशी मंडळींवरील माहितीपटांना अलीकडे मोठा प्रेक्षकवर्ग लाभला आहे. नेटफ्लिक्सने २०२१ साली दाखविलेली सेसिल हॉटेलवरील मालिका हे त्याचे ठळक उदाहरण. लॉस एंजेलिसमधील या हॉटेलच्या पाण्याच्या टाकीत २०१३ साली एका विद्यार्थिनीचा मृतदेह सापडला. अपघाताने बुडून मृत्यू, असा शवचिकित्सेनंतर निर्णय झाला. परंतु लिफ्टमधील चित्रफितीची पारायणे करणाऱ्यांना तो मानवला नाही. त्यांनी मेक्सिकोतील एका संगीतकाराला खुनी ठरविले. हा गृहस्थ त्या हॉटेलात उतरला होता, पण आदल्या वर्षी! त्याचे आयुष्य विस्कटले, आणि त्या विस्कटण्याचाही पुढे मालिकेत एक भाग झाला. हौशी तपासनिसांचे श्रम फुकट, बदनाम झालेल्याचे दुःख फुकट, वर्गणी मात्र कंपनीची. भांडवलाला इतका स्वस्त कच्चा माल क्वचितच मिळाला असेल.

हा केवळ अमेरिकेचा रोग आहे असे मानून स्वस्थ बसता येणार नाही. मुले पळविणारी टोळी आल्याचे संदेश मोबाइलवरून फिरले आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठार केले. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील स्त्रिया व वृद्धांना खांबांना बांधून मारहाण झाली. संशय घेणारा, निवाडा देणारा व शिक्षा करणारा जमाव एकच. लॉस एंजेलिस असो वा जिवती, बोट नेहमी ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याच्याकडेच वळते.

मग तपास पोलिसांवर सोपवून नागरिकांनी गप्प राहावे काय? तसे म्हणणाऱ्यांनी देसाईगंज आठवावे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलिस ठाण्यात, जबाबासाठी आणलेल्या एका अल्पवयीन, पोरक्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा १९८२ चा. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, सबब संमती होती, असा एकंदर युक्तिवाद.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. तेही एका अर्थी बाहेरचेच. पण त्यांनी कोणा नव्या संशयिताचा माग काढला नाही. छापील निकालपत्र ओळीओळीने वाचले. रात्रीच्या वेळी, ठाण्याच्या चार भिंतींत, वर्दीपुढे मुकाट झालेल्या मुलीच्या शरणागतीला संमती कसे म्हणता येईल, एवढेच विचारले. प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला होता आणि खाली चौघांची खरी नावे होती. टोपणनावाने दुसऱ्याचे छायाचित्र फिरविणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. जबाबाची नक्कल मिळविणे, शवचिकित्सेचा अहवाल वाचणे, तारखेला न्यायालयात हजर राहणे हे काम रुक्ष आहे. त्याला प्रेक्षक नसतो. चंद्रपूर-गडचिरोलीत ते करणारे कार्यकर्ते आजही थोडेच आहेत.

आरोपींची सुटका कायम राहिली. मात्र पत्रामागोमाग स्त्रियांची आंदोलने उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असे ठरले. अत्याचारित स्त्रीची ओळख छापणे हाही त्याच दुरुस्तीने गुन्हा झाला. देसाईगंजच्या त्या मुलीचे नाव तोवर कायद्याच्या पुस्तकांतून सर्वतोमुखी झाले होते. ते येथे पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन नाही.