सक्करदऱ्यातील घरखरेदी : दलाल नेमका कोणाचा?

नागपूर, प्रतिनिधी - सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजीचा भाव ठरविताना पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा ग्राहक त्याच बाजारामागच्या गल्लीत साठ लाखांचे घर पाहताना मात्र विलक्षण शांत होतो. घर दाखविणारा गृहस्थ ओळखीचा असतो, बोलायला गोड असतो आणि "काकाजी, कागदांचे टेन्शन घेऊ नका, ते माझ्यावर सोडा" असे आश्वासन देतो. ग्राहकही ते सोडतो. हा गृहस्थ आपल्या बाजूने बोलतो आहे, विक्रेत्याच्या बाजूने, की केवळ सौद्याच्या बाजूने, हा प्रश्न त्या क्षणी कोणाच्या मनात येत नाही. तो येतो तेव्हा इसाराची रक्कम देऊन झालेली असते.

घर किंवा भूखंड घेताना स्वतःचा मध्यस्थ नेमावा काय, हा प्रश्न वरकरणी एक-दोन टक्के दलालीचा वाटतो. प्रत्यक्षात तो निष्ठेचा आहे. आपल्याकडे प्रचलित असलेल्या पद्धतीत एकच दलाल दोन्ही पक्षांना भेटतो आणि बहुतेक वेळा दोघांकडूनही दलाली घेतो. साठ लाखांच्या व्यवहारात दीड टक्का धरला तरी एका बाजूचे नव्वद हजार आणि दोन्ही बाजूंचे मिळून एक लाख ऐंशी हजार रुपये होतात. आता त्याने खरेदीदारासाठी जोर लावून किंमत दोन लाखांनी खाली आणली, तर खरेदीदाराचे दोन लाख वाचतील, दलालाचे मात्र दोन्ही बाजूंचे मिळून सहा हजार रुपये जातील. शिवाय ताणून धरल्याने सौदाच फिसकटला, तर सगळेच गेले. म्हणजे त्याचे हित किंमत कमी होण्यात नाही, जास्त होण्यातही फारसे नाही. ते सौदा लवकर होण्यात आहे. यात कोणाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. व्यवसायाची रचनाच तशी आहे आणि ती समजून घेतली म्हणजे "बाजूचे घर पंधरा दिवसांत गेले" या वाक्याचा अर्थही नीट लागतो.

हा पेच केवळ नागपुरी नाही. अमेरिकेत खरेदीदाराचा स्वतंत्र एजंट ही रुळलेली व्यवस्था मानली जाते. पण तेथेही कित्येक दशके खरेदीदाराला घरे दाखवीत फिरणारा मध्यस्थ कायद्याच्या दृष्टीने विक्रेत्याचाच उपप्रतिनिधी असे. पुढे खरेदीदाराचा एजंट वेगळा झाला, तरी त्याचे पैसे विक्रेत्याच्या दलालीतूनच दिले जात राहिले. या पद्धतीविरुद्ध मिसूरी राज्यातील घरविक्रेत्यांनी दावा केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्युरीने 'नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स' ही संघटना व काही बड्या दलाली कंपन्यांविरुद्ध सुमारे १८० कोटी डॉलरचा कौल दिला. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली. त्यानुसार १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखविण्यापूर्वी एजंटाने खरेदीदाराशी लेखी करार करणे आणि त्यात आपला मोबदला स्पष्ट लिहिणे आवश्यक झाले. तडजोडीतील इतर तांत्रिक बाबी आपल्या उपयोगाच्या नाहीत. कोण कोणासाठी काम करतो आणि किती पैशांत, हे घर पाहण्याआधी कागदावर यावे, एवढी गोष्ट मात्र सक्करदऱ्यातही करता येण्यासारखी आहे.

आपल्याकडे २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजेच 'रेरा', आला आणि दलालांची नोंदणी प्रथमच सक्तीची झाली. महारेराकडे नोंदणीकृत प्रकल्पातील घर वा भूखंड विकण्यासाठी एजंटही नोंदणीकृत असला पाहिजे, असे कलम ९ सांगते. नोंदणीविना काम करणाऱ्यास दिवसाला दहा हजार रुपये, आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंडाची तरतूद आहे. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळावयास हवीत ती सर्व माहिती व कागदपत्रे त्याच्या हाती पडतील, हे पाहणे एजंटावर बंधनकारक आहे. महारेराने पुढे आणखी एक पाऊल टाकून एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक केली आणि १ जानेवारी २०२४ पासून ती अट लागू झाली. एवढे वाचून ग्राहकाने निर्धास्त व्हावे, असे वाटेल. सक्करदऱ्यात तसे होता येत नाही.

त्याचे कारण या वस्तीच्या घडणीत आहे. भोसल्यांच्या काळापासूनचा हा भाग. तलाव, राजवाडा आणि त्याभोवती पुढे वाढत गेलेली मध्यमवर्गीयांची घरे. येथे मोठमोठ्या टाउनशिप नाहीत. हजार-दीड हजार चौरस फुटांच्या भूखंडांवर वडिलांनी बांधलेले घर, भावांमध्ये झालेली वाटणी, मग एखाद्या बिल्डरशी करार आणि जुन्या घराच्या जागी चार-सहा सदनिकांची 'फ्लॅट स्कीम', असा येथील व्यवहाराचा प्रवास दिसतो. रेरा कायद्याने पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट दिली आहे. पाचशे चौरस मीटर म्हणजे सुमारे ५,३८० चौरस फूट. या परिसरातील बहुतेक लहान स्कीम या सवलतीत सहज बसतात. जुन्या घराची किंवा वापरलेल्या सदनिकेची फेरविक्री तर या नोंदणीच्या कक्षेत येतच नाही. म्हणजे कायद्याने शिस्त लावलेला एजंट शहराच्या सीमेवरील मोठ्या प्रकल्पांत भेटतो, आणि जेथे कागदांची गुंतागुंत सर्वाधिक आहे त्या जुन्या वस्तीत परीक्षा न दिलेला, नोंदणी नसलेला माणूसही विनाअडथळा मध्यस्थी करू शकतो. एजंटाचे प्रमाणपत्र पाहणे चांगलेच. पण ते प्रमाणपत्र या विशिष्ट व्यवहारात लागू पडते काय, हेही विचारले पाहिजे.

गुंतागुंत कसली, तर नागपुरातील भूखंडाला सातबारा आणि विक्रीपत्र यांखेरीज आणखी एक इतिहास असतो. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने दिलेले भाडेपट्ट्याचे भूखंड आहेत, नझूलच्या जागा आहेत आणि गृहनिर्माण संस्थांनी पाडलेले, पुढे गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेले ले-आऊट आहेत. '५७२ ले-आऊट' आणि '१९०० ले-आऊट' हे शब्द दक्षिण व पूर्व नागपुरात घर शोधणाऱ्यास अपरिचित नाहीत. गुंठेवारीचा मूळ कायदा २००१ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमितीकरणाची वाट मोकळी झाली. साहजिकच "आर. एल. आहे का?" हा येथील ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो आणि दलालाचे उत्तर बहुधा "आहे" किंवा "होऊन जाईल" असे असते. या दोन उत्तरांत लाखांचे अंतर आहे. "होऊन जाईल" याचा अर्थ विकासशुल्क भरलेले नाही, डिमांड आलेली नाही, आणि आली तर ती कोण भरणार हे ठरलेले नाही. विकास आराखड्यातील आरक्षण भूखंडावर असेल, तर नियमितीकरण होईलच याची खात्री कोणताही दलाल देऊ शकत नाही.

दुसरी अडचण वारसांची. प्रस्तुत प्रतिनिधीने वडिलांसाठी याच भागात घर पाहिले तेव्हाचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. घर दिवंगत वडिलांच्या नावे, विकणारे दोन भाऊ, मध्यस्थ त्यांच्याच आळीतला. एक्कावन्न हजारांचा इसार दिला गेला. पंधरा दिवसांनी वकिलाने वारसांची यादी मागितली, तेव्हा भंडाऱ्याला दिलेली एक बहीण असल्याचे कळले. तिने हक्कसोडपत्र लिहून दिलेले नव्हते आणि देण्याची तिची तयारीही नव्हती. मध्यस्थाला ही गोष्ट ठाऊक होती. विचारले असता त्याने शांतपणे सांगितले, की तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे. पैसे परत मिळायला आठ महिने लागले. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहहिस्सेदार झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मधील निकालात ते निःसंदिग्धपणे स्पष्ट केले. तरीही "बहिणी काही म्हणत नाहीत" हे वाक्य या शहरात मालकी हक्काच्या पुराव्यासारखे वापरले जाते.

तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. काही दलाल मालकाला स्वतःच इसार देऊन घर किंवा भूखंड 'धरून' ठेवतात आणि वरच्या किमतीला खरेदीदाराला देतात. मालकाला पन्नास, खरेदीदाराला अठ्ठावन्न. मधले आठ लाख आणि वर खरेदीदाराकडून दलालीही! जमीनव्यवहारात ही रीत नवी नाही. उघडपणे केली तर तो व्यापार आहे. पण दलाल खरेदीदाराचा प्रतिनिधी म्हणून वावरत असेल, तर १८७२ चा भारतीय करार कायदा त्याला मोकळे सोडत नाही. प्रतिनिधीने आपल्या मालकाला सर्व माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय त्याच व्यवहारात स्वतःचा सौदा केला आणि महत्त्वाची बाब अप्रामाणिकपणे दडविली किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा ठरला, तर कलम २१५ नुसार मालकाला तो नाकारता येतो. त्याला न सांगता मिळविलेला लाभ मालकाला कलम २१६ खाली मागता येतो. गैरवर्तन करणाऱ्या प्रतिनिधीला त्या कामाचा मोबदला मिळत नाही, असे कलम २२० सांगते. दीडशे वर्षांपूर्वीचा हा कायदा खरेदीदाराला रेरापेक्षा अधिक उपयोगी पडू शकतो. अट एकच, तो मनुष्य आपला प्रतिनिधी होता हे सिद्ध करता आले पाहिजे. दलाली तोंडी ठरली, दोन्ही बाजूंनी घेतली गेली आणि पावतीही नाही, अशा स्थितीत ते सिद्ध करणे किती कठीण, हे सांगावयास नको.

मग एजंट नेमावा की नाही? प्रत्येकाचे उत्तर सारखे असणार नाही. त्याच मोहल्ल्यात वीस वर्षे राहिलेल्या आणि शेजारचेच घर घेणाऱ्या कुटुंबाला एजंटाची गरज नाही. त्याला चांगल्या वकिलाची गरज आहे. मोठ्या नोंदणीकृत प्रकल्पात सदनिका घेणाऱ्याला एजंट भेटतो तो बिल्डरने नेमलेला असतो. त्याच्याकडून माहिती घ्यावी, परंतु तीच माहिती महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावी. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही, ही गोष्ट एजंट स्वतःहून सांगेलच असे नाही.

एजंटाची खरी गरज आहे ती पुणे, बंगळुरू किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या आणि आईवडिलांसाठी सक्करदऱ्यात घर शोधणाऱ्या मुलामुलींना. त्यांना दर शनिवारी येऊन घरे पाहता येत नाहीत. आईवडिलांना जिने चढवत नाहीत. घराला ओल आहे काय, पावसाळ्यात गल्लीत पाणी साचते काय, शेजारच्या भिंतीवरून वाद आहे काय, हे स्थानिक माणूसच सांगू शकतो. अशा वेळी खरेदीदाराच्या बाजूचा मनुष्य पैसे देऊन नेमण्यात शहाणपणा आहे. फक्त त्याचा मोबदला किमतीच्या टक्केवारीवर ठेवू नये, ठरावीक रक्कम ठरवावी. टक्केवारी म्हणजे महाग घर घ्यायला लावण्याचे त्याला दिलेले बक्षीसच. विक्रेत्याकडून तो काहीही घेणार नाही आणि या मालमत्तेत त्याचा स्वतःचा इसार वा हिस्सा नाही, ही दोन वाक्ये करारात असलीच पाहिजेत. मोबदल्याचा मोठा भाग विक्रीपत्राची नोंदणी झाल्यावर द्यावा. अन्यथा ठरले नसेल तर काम पूर्ण झाल्यावरच प्रतिनिधीचे पैसे देय होतात, हा करार कायद्याच्या कलम २१९ चाच नियम आहे. आममुखत्यारपत्र मात्र एजंटाच्या नावे देऊ नये. तसेच विक्रेत्याच्या आममुखत्याराकडून घर घेताना, मुखत्यारपत्र आणि करारनाम्याच्या बळावर मालकी हस्तांतरित होत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑक्टोबर २०११ चा निकाल लक्षात ठेवावा.

आणि एजंट कितीही चांगला असला, तरी शोध अहवाल त्याचे काम नव्हे. तीस वर्षांच्या नोंदींचा शोध वकिलाने घ्यावा आणि तो वकील दलालाने सुचविलेला नसावा. बँक कर्ज देते म्हणजे कागद स्वच्छ आहेत, असा एक समज आहे. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत काय एवढेच पाहतो. बहिणीचा दावा दहा वर्षांनी आला, तरी हप्ते खरेदीदारालाच भरावे लागतात. भावाच्या बाबतीतही थोडे कष्ट स्वतः घेता येतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मौजा सक्करदरा निवडून आजूबाजूच्या विक्रीपत्रांची सूची क्रमांक दोन पाहता येते, वार्षिक बाजारमूल्याचा तक्ता पाहता येतो. नोंदलेली किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत सारखीच असते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तरीही "या गल्लीत याहून कमी भाव नाहीच" या विधानाची परीक्षा घ्यायला तेवढा आधार पुरतो.

अशा अटी घातल्या तर एकही दलाल उभा राहणार नाही, असे काही वाचक म्हणतील. अनुभव संमिश्र आहे. दोघांनी हसून विषय बदलला. तिसऱ्याने आकडा विचारला, थोडी घासाघीस केली आणि कागदावर सही करण्यापूर्वी स्वतःहून सांगितले, की ज्या घराबद्दल आपण बोलतो आहोत त्याच्या मालकाकडून त्याने आधीच एक टक्का ठरविला आहे. ते घर आम्ही घेतले नाही. पुढचे मात्र त्याच्यामार्फतच पाहिले.