मूर्ती तयार, पण दिसणार कुणाला?

भेडाघाटला धुवांधार पाहून परतणारी मंडळी दुकानांतून दगडी गणपती, दिवे, डब्या घेतातच. पण पावसाळ्यात नर्मदेतल्या नावा बंद होतात, गिऱ्हाईक रोडावतं. कारागिराच्या घरची चूल मात्र रोज पेटायला हवी. जबलपूरच्या या दगडकामाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण नुसत्या मानांकनानं माल खपत नाही.

हा रिकामा काळ मोबाइलवर सत्कारणी लावा. एखाद्या सकाळी, कोवळ्या उन्हात, महिन्याभराचे फोटो काढून ठेवा. मग वार ठरवा. सोमवारी छिन्नी चालतानाची छोटी फिल्म. बुधवारी तयार वस्तू, शेजारी हात ठेवून, म्हणजे आकार कळेल. शुक्रवारी किंमत, वजन आणि पाठवणीचा खर्च. इन्स्टाग्राम असो वा व्हॉट्सअ‍ॅप, रोज दहा फोटो टाकून लोकांना कंटाळा आणू नका. दिवाळीचे दिवे शरद पौर्णिमेआधीच दाखवा, कारण जड पार्सल पोहोचायला वेळ लागतो.

मऊ दगड संगमरवर म्हणून विकू नका. फसलेलं गिऱ्हाईक दहा घरी सांगतं. मानांकनाचं चिन्हही नोंदणी केलेल्यांनीच वापरायचं असतं.

आणि विचारलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्या. दुकानाच्या पायरीवर आलेल्याला आपण ताटकळत ठेवतो का?