बॅट कोणाची, धावा कोणाच्या?

ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्यात, गुजरातविरुद्धच्या एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात, सांगलीच्या स्मृती मानधनाने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. ही खेळी सांगताना आपण हटकून राहुल द्रविडने दिलेल्या बॅटपाशी रेंगाळतो. ती भेट खरीच; परंतु मुलीच्या कर्तृत्वाआधी कोणाचा तरी वरदहस्त शोधण्याची आपल्या चरित्रलेखनाची सवय आम्हांला खटकते.

ऑगस्ट २०१४ मध्ये वर्म्सलीला भारतीय महिला आठ वर्षांनी कसोटी खेळल्या. इंग्लंडविरुद्ध १८१ धावांचा पाठलाग करताना, पदार्पण करणाऱ्या अठरा वर्षांच्या स्मृतीने सलामीला ५१ धावा काढल्या आणि भारत जिंकला. त्या दिवशी तिच्या हाती कोणाची बॅट होती, हे कोणी विचारत नाही. म्हणूनच, आमच्या मते, तिच्या चरित्राचा आरंभ तेथून व्हावा.